माणशी एक

फलक मीच लावला, सकाळी सात वाजता.
माणशी एक.
रोख चालणार नाही, फक्त आमच्या दुकानाचं कार्ड.
सभासदत्व किमान दोन वर्षांचं हवं.
कार्डधारक स्वतः हवा.
खोक्याचं सील इथेच, तुमच्या डोळ्यांदेखत फोडलं जाईल
आणि खोक्यावर तुमचं नाव लिहिलं जाईल.

नागाओकाचा बर्फ रात्रभर पडून दमला होता.
रांग पार सायकलतळापर्यंत गेलेली.
आत खेळयंत्रं एकोणतीस.
साहेब म्हणाले, "मिनेगिशी, आज कुणाची दया नको.
संध्याकाळी हीच खोकी दुप्पट भावानं विकायला निघतात."

पहिले तिघे एकमेकांना अनोळखी असल्यासारखे उभे होते,
पण एकाचा फोन वाजला की तिघेही खिसे चाचपायचे.
तिघांचीही कार्डं गेल्या आठवड्यातली.
मी फलकावर बोट ठेवलं, शब्दशः.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
वर्षभर वाकून वाकून नमस्कार करणाऱ्या पाठीला
एक सकाळ ताठ राहायला मिळाली.

दुपारी बाराच्या सुमारास कुरामोची आले.
टोपीवरचा बर्फ त्यांनी दाराबाहेरच झटकला,
आत ओलं होऊ नये म्हणून.
खिशातून पाकीट काढलं, बँकेतून मुद्दाम आणलेल्या
कोऱ्या करकरीत नोटांचं,
आणि एक चिठ्ठी, नातीच्या अक्षरातली.
यंत्राचं नाव त्यांना उच्चारता येईना,
चिठ्ठीच माझ्यापुढे धरली.

"रोख नाही चालत."
पाकीट त्यांनी मागे घेतलं,
चुकून दुसऱ्याच्या अंगणात पडलेला पाय घ्यावा तसं.
मग दुसऱ्या खिशातून कार्ड. कडा झिजलेलं.

पडद्यावर नाव उमटलं: कुरामोची फुसाए.
सभासदत्व अठरा वर्षं.
भाताचा कुकर, दहा वाट्यांचा.
शिलाईयंत्राचा दिवा.
भाताचा कुकर, तीन वाट्यांचा.
रक्तदाब मोजायचं यंत्र.
पाय शेकायची उशी.
पुन्हा पाय शेकायची उशी.
त्यानंतर पडदा कोरा.

"त्या स्वतः आल्या नाहीत का?"
"नाही," ते म्हणाले. "ती आता येत नाही."

मागे कुणीतरी खोकलं.
साहेब दूरध्वनी कानाला लावून माझ्याकडेच बघत होते.
माझा हात कळीवर होता.
एक दाब, आणि कुणाला काय कळणार होतं?
सकाळी त्या तिघांना मी काय सांगितलं
ते मात्र मला आठवत होतं.

"तुमच्या नावाचं कार्ड काढता येईल,
पण यंत्र त्यावर दोन वर्षांनी."
"दोन वर्षांनी नात चौदाची होईल," ते म्हणाले.
थोडं थांबून: "मग काढा."

चष्मा पुसून त्यांनी अर्ज भरला.
जन्मतारीख. पत्ता. घरातली माणसं किती.
या रकान्यापाशी पेन जरा रेंगाळलं,
मग त्यांनी लिहिलं: एक.
आणि माझ्यामागच्या फलकाकडे बघितलं,
जणू उत्तर बरोबर आलं का ते ताडून पाहत होते.

"घड्याळाच्या बॅटऱ्या तरी रोखीनं मिळतात ना?"
"मिळतात."
"माणशी किती?"
"हव्या तेवढ्या घ्या."
त्यांनी दोनच घेतल्या.
उरलेले सुटे पैसे मोजले, पुन्हा मोजले.

जुनं कार्ड कापून टाकायचा नियम आहे.
मी ते नव्या कार्डाखाली सरकवून परत दिलं.
दिवसभरात मोडलेला एवढाच नियम.
चुकीचाच मोडला की काय, अजून ठरत नाही.

मागचा तरुण पुढे आला. कार्ड सहा वर्षांचं, सगळं चोख.
सील फोडलं, जाड पेनानं खोक्यावर नाव लिहिलं.
तिसऱ्या अक्षराशी शाई पसरली.
तो म्हणाला, असू दे, माझंच नाव आहे.
बाहेर बर्फ पुन्हा लागला होता.